‘घरी न्या, सेवा करा’ म्हटल्यावर: खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची गावातली शुश्रूषा

सुट्टीचा कागद हातात देताना डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." नागपूरचं मेडिकल असो, सेवाग्राम असो की यवतमाळ-अकोल्याचं सरकारी कॉलेज, वाक्य हेच. घरचे मान डोलावतात, गाडी ठरवतात, आणि गावात पोचल्यावर रात्री अकराच्या सुमारास लक्षात येतं की सेवा म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगितलंच नाही. बुढ्याच्या नाकात नळी आहे, लघवीची पिशवी खाटेला लटकते आहे, डावी बाजू हलत नाही आणि पाठीखालची चादर ओली लागते आहे.

त्या एका शब्दात किती कामं दडलेली असतात ती इथे एकेक करून मांडली आहेत. लकवा, कॅन्सर, मोडलेला खुबा, स्मृती गेलेली किंवा वयानेच थकलेली माणसं, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडतं. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर तिथे त्यांचं ऐकायचं.

सुट्टी घेण्याआधीचे दोन दिवस

खरी शिकवणी दवाखान्यातच होते. तिथे सिस्टर असतात, चुकलं तर सावरणारं कुणी असतं. घरी जो माणूस प्रत्यक्ष करणार आहे त्यालाच वॉर्डात थांबवा. बहुतेक घरांत उलटं होतं: दवाखान्यात मुलगा थांबतो आणि घरी सगळं सुनेच्या अंगावर येतं, जिने ती नळी कधी पाहिलेलीसुद्धा नसते. नळीतून खाऊ घालणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं आणि जखमेची पट्टी ही चार कामं सिस्टरच्या डोळ्यांदेखत आपल्या हाताने दोनदा करून दाखवल्याशिवाय सुट्टी घेऊ नका.

डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या. आजार बरा होणारा आहे की यापुढे फक्त त्रास कमी करायचा आहे? कोणती नळी कोणत्या तारखेला बदलायची, आणि जवळात जवळ कुठे? कोणती गोळी कुटायची नाही? दुखणं वाढलं तर जास्तीचा डोस किती आणि दिवसातून किती वेळा? रात्री अडचण आली तर फोन कुणाला? पहिला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही हे खरं. पण तो विचारला नाही तर पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच माणसाला घेऊन चार वेळा नागपूरला धावता.

सुट्टीच्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. एक घरी, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक आशाताईकडे. गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आशाताईला आणि उपकेंद्रातल्या सीएचओला, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, घरी बोलवा. ज्यांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली आहे त्या उपकेंद्रांच्या कामांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा आहे. कुणी "आमच्याकडे हे होत नाही" म्हटलं तर शांतपणे तेवढंच सांगा. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह केअरचा वॉर्ड किंवा ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्या.

शेवटच्या आजारातल्या माणसाला ठेवून घेणारी संस्था, म्हणजे हॉस्पिस, तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही. नागपूर-अमरावतीच्या, सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमधून बाई किंवा माणूस मिळतो. त्याला नर्स म्हणण्याआधी एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झाला आहे का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, ते बघा. पुष्कळदा येतो तो केअरटेकर. अंग पुसणं, कूस बदलणं यासाठी तो चालतो, पण नळी घालायला किंवा इंजेक्शन द्यायला नाही. गावाला परवडेल असा मधला मार्ग म्हणजे रोजचं काम घरच्यांनी करायचं आणि पट्टी-नळीच्या कामापुरती तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टर आठवड्यातून एक-दोनदा बोलवायची. सरकारी योजनेचं कार्ड, अगदी सत्तरीच्या पुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डसुद्धा, भरती झाल्यावर कामाचं आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

जागा आणि खाट

माणसाला ओसरीत किंवा पुढच्या खोलीत ठेवा, मागच्या अंधाऱ्या खोलीत नको. येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज कानावर पडला की दिवस-रात्र कळते, आणि दिवस-रात्र कळली की रात्रीची बडबड कमी होते.

सुतळीची बाज नको. मधे झोळ पडतो, कंबर खाली जाते, कूस बदलता येत नाही आणि माकडहाडावर सगळा भार येतो. लोखंडी पलंग किंवा फळ्यांची खाट घ्या. ती भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. उंची करणाऱ्याच्या कंबरेइतकी असावी. पायांखाली विटा देऊन वाढवता येते, पण चारही पायांखाली सारख्याच द्या आणि हलवून बघा. बसतं करायला दवाखान्याचा पलंग लागतोच असं नाही. प्लास्टिकची खुर्ची उलटी करून खाटेच्या डोक्याकडे ठेवली की तिची पाठ तिरकी होते. तिच्यावर दुमडलेली वाकळ आणि उशी टाकली की टेकून बसता येतं.

हवेची गादी जरूर घ्या, पण तिच्याबद्दल तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. तिचा पंप चोवीस तास चालू हवा. लाईन गेली की कप्पे हळूहळू बसतात आणि माणूस थेट फळीवर येतो, म्हणून खाली नेहमीची गादी हवीच. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीच्या आधी पंप त्याच्यावर टाका. दुसरं, तिच्यावर एकच पातळ सुती चादर. वर रेक्झिन, त्यावर वाकळ, त्यावर चादर असं थर लावले की गादीचा उपयोग शून्य. तिसरं, दाब बघायला गादीच्या खालून, माकडहाडाच्या जागी, तळहात सरकवा. हात आणि अंग यांच्यात इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

कूस: सगळ्या सेवेचा कणा

पाठीच्या जखमा, म्हणजे बेडसोअर, औषधाच्या कमतरतेने होत नाहीत. एकाच जागी भार पडून तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरतं. यासाठी काही तास पुरतात. भरायला मात्र महिने जातात, काही तर भरतच नाहीत. म्हणून दर २ तासांनी कूस. हवेची गादी असेल, कातडी चांगली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर रात्री हे अंतर वाढवता येतं.

जुन्या मऊ लुगड्याची चार पदरी घडी करा आणि खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी अंगाखाली आडवी घाला. ही ओढचादर. माणूस वर सरकवायचा असेल तर दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या, "एक, दोन, तीन" म्हणून उचलून सरकवायचं. फरफटत ओढायचं नाही, कातडी सोलली जाते. बगलेत हात घालून तर कधीच उचलू नका. लकव्याच्या बाजूचा खांदा त्याने उतरतो, मग तो माणूस हात लावू देत नाही आणि घरचे म्हणतात चिडचिडा झाला.

एकट्याने कूस बदलायची तर ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा. त्याचा पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर आणा. एक हात पलीकडच्या खांद्यावर, दुसरा पलीकडच्या खुब्यावर ठेवा आणि आपल्याकडे लोळवा. आपल्याकडे, म्हणजे पडायची भीती नाही. पूर्ण कुशीवर आडवा करू नका, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांइतका, अर्ध्याहून कमी कलता ठेवा. दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी. पोटऱ्यांखाली एक अशी, की टाचा अधांतरी राहतील. टाचेखालून तुमचा हात मोकळा गेला पाहिजे. शेवटी खालच्या खांद्यापाशी हात घालून तो थोडा पुढे ओढून घ्या, नाहीतर दोन तास तो अंगाखाली चेपलेला राहतो.

भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक कागद लावा: ६ उजवी, ८ पाठ, १० डावी, असा. करणाऱ्याने सही नाही तर निदान बरोबरची खूण करायची. तोंडी हिशेब तिसऱ्या दिवशी बिघडतो, कारण प्रत्येकाला वाटतं मघाशी दुसऱ्याने केलं.

आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती, कान आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. लाल डाग दिसला की बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. पांढरा झालाच नाही तर ती जखमेची पहिली पायरी, त्या जागेवर आता भार बंद. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे जागा गरम, टणक किंवा आजूबाजूपेक्षा काळपट लागते का ते बघा. अशा जागेवर तेल चोळू नका. चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं. भोकाची रबरी चकती आणि पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवायचा सल्ला गावोगाव मिळतो, तोही सोडून द्या.

जखम झालीच तर

एक लिटर पाणी उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, टाका आणि कोमट होऊ द्या. त्याच दिवशी वापरा, उरलं तर फेका. याच पाण्याने जखम धुवायची. हळद, राख, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, रॉकेल यातलं काही आत घालायचं नाही. नवं मांस धरू लागलेलं असतं तेही याने जळतं. काळी खपली घरी ओढून काढू नका, ते काम डॉक्टरांचं.

वास येत असेल तर घरात कुणी जवळ बसत नाही, आणि बिछान्यातल्या माणसाला ते समजतं. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरायची पद्धत उपशामक सेवेत सर्रास वापरतात. डॉक्टरांना विचारून सुरू करा, दोन-तीन दिवसांत फरक पडतो. पावसाळ्यात, विशेषतः गोठा घराला लागून असेल तर, उघड्या जखमेवर माशी बसते आणि अळ्या पडतात. जखम नेहमी झाकलेली, खाटेवर मच्छरदाणी दिवसासुद्धा. अळ्या दिसल्या तर लाजेने लपवू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा.

नाकातली नळी

सुरुवातीला सगळ्यात जास्त भीती हिची वाटते, आणि थोडी भीती असलेली बरी. नळी पोटाऐवजी श्वासनलिकेत सरकलेली असताना खाणं घातलं तर ते फुप्फुसात जातं.

१. नाकपुडीपाशी नळीवर मार्करची खूण असावी. खूण बाहेर आलेली दिसली, किंवा जोराच्या उलटी-खोकल्यानंतर शंका आली, तर काही घालू नका.

२. पन्नास मिलीची सिरिंज लावून हळू ओढा. पोटातलं आंबट पाणी किंवा मागचं अन्न आलं की ठीक. मागच्या खाण्याच्या निम्म्याहून जास्त परत आलं तर ते पुन्हा आत सोडा आणि तासभर थांबा. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची जुनी रीत भरवशाची नाही.

३. कंबरेपासून वर उचलून ४५ अंशांपर्यंत बसतं करा. नुसती मान उशीवर घेतली तर पोट दाबलं जातं.

४. आधी ३० मिली पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून तिचं नरसाळं करा आणि २०० ते २५० मिली पातळ अन्न आपल्या वजनाने उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्याने रेटलं की उलटी होते.

५. पुन्हा ३० ते ५० मिली पाणी, टोपण बंद, आणि पाऊण तास तरी तसंच बसतं ठेवायचं. खाऊ घालून लगेच कूस बदलायची नाही. कुशीची वेळ आधी.

अन्न म्हणजे दूध, मुगाच्या वरणाचं पाणी नव्हे तर घोटलेलं वरण, तांदळाची पेज, ताक, पातळ सोजी. सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचं. ताकद वाढवायची पण घट्ट होऊ द्यायचं नाही, यासाठी एक युक्ती: गहू भिजवून मोड आणा, वाळवा, हलके भाजून दळा. हे चमचाभर पीठ गरम पेजेत ढवळलं की पेज पातळ होते, म्हणजे तेवढ्याच नळीतून जास्त धान्य जातं. मोडाची ज्वारी मात्र वापरू नका. कोवळी ज्वारी खाऊन ढोरं दगावतात ते विष तिच्या कोंबात असतं. गोळ्या अन्नात मिसळू नका. एकेक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून, मधे पाणी सोडत द्या. वरून खास आवरण असलेल्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. म्हणून तो प्रश्न दवाखान्यातच विचारायचा.

तोंडाने खाणाऱ्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने, एक घास गिळल्याचं बघून दुसरा. पाण्याने ठसका लागतो आणि घट्ट पेजेने लागत नाही, हे लकव्यात नेहमीचं आहे. खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा लागला तर अन्न अडकलं आहे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नये, औषधसुद्धा.

तोंडाची सफाई नळी असलेल्यालाही दिवसातून दोनदा लागते, ती लोक विसरतात. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून, बोटाला मऊ कापड गुंडाळून हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू पुसा. दह्यासारखे पांढरे चट्टे सहज निघत नसतील तर ती बुरशी असू शकते, औषध मिळतं.

लघवीची नळी

पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कूस बदलताना ती माणसाच्या अंगावर ठेवतात आणि लघवी उलटी आत जाते, तेवढं टाळा. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा. नळीभोवती रोज साबण-पाणी. बाईमाणसाला नेहमी पुढून मागे धुवायचं. साध्या रबरी नळीची मुदत आठवड्यांत असते, सिलिकॉनची जास्त. तारीख पिशवीवरच लिहून ठेवा.

चार-सहा तासांत थेंब नाही आणि ओटीपोट फुगलं आहे, तर आधी नळी कुठे मुडपली किंवा अंगाखाली दबली का बघा. नसेल तर ताबडतोब दवाखाना. आत पाण्याचा फुगा असतो, तो सिरिंजने रिकामा केल्याशिवाय नळी ओढली तर रक्त येतं. डोक्यावर परिणाम झालेली म्हातारी माणसं ती स्वतः ओढतात. त्यांच्या हाताला काम द्या, तुरीच्या शेंगा किंवा कापडाची गुंडाळी. आणि नळीची खरंच गरज आहे का, हेही दर भेटीत विचारा. पुरुषांना बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर पुष्कळदा पुरते.

संडासाचं थोडक्यात: तीन दिवस झाली नाही तर औषध हवंच. पातळ पाण्यासारखी थेंब-थेंब होत असेल तर तिला हगवण समजून बंद करायची गोळी देऊ नका. आत खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असतं.

दुखणं

दुखलं की गोळी, ही सवय मोडा. वेदनेची गोळी घड्याळावर द्यायची, दुखणं डोकं वर काढण्याआधी. पॅरासिटामॉलपासून सुरुवात होते, कॅन्सरच्या तीव्र वेदनेला मॉर्फिन लागतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं आणि देणं सोपं झालं. कॅन्सरची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं इथे आधी चौकशी करा, गावातल्या मेडिकल स्टोअरमध्ये ते मिळणार नाही. साधी गोळी दर ४ तासांनी असते. झोपतानाचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. त्याने बद्धकोष्ठ होतंच, म्हणून जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस. व्यसन लागेल म्हणून घरचे अर्धीच गोळी देतात, आणि माणूस रात्रभर कण्हतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनला ती भीती लावू नका. गोळ्या कुलपात ठेवा, हिशेब वहीत लिहा. अतिशय गुंगी, श्वास फार मंद, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून फोन करा.

फेंटानिल या वेदनेच्या औषधाची पट्टी कातडीवर लावली असेल तर उष्णतेने तिच्यातलं औषध जास्त वेगाने अंगात उतरतं. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी नको. ताप चढला तर लगेच कळवा. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ही गोष्ट पुस्तकी राहत नाही.

सलाईनचा आग्रह

पाहुणे येतात आणि विचारतात, "सलाईन नाही लावली?" गावातला इंजेक्शनवालाही तयार असतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ताकद शून्य. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. एका भाकरीत त्याहून जास्त अन्न आहे. उलटी, जुलाब, उन्हाचा झटका यात सलाईन जीव वाचवते. पण शेवटच्या दिवसांत किडनी आणि हृदय थकलेलं असताना तेच पाणी पायांवर सूज आणि छातीत घरघर होऊन दिसतं. पाहुण्यांना हे समजावणं घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाने करावं, सुनेवर टाकू नये.

उन्हाळा

एप्रिल ते जून हा आपल्याकडे वेगळाच आजार समजा. खिळलेला माणूस पाणी मागत नाही. हृदय-किडनीची मनाई नसेल तर दिवसभरात दीड लिटर तरी, ताक, पन्हं, ओआरएस धरून. लघवी चहासारखी गडद झाली तर कमी पडतं आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे एप्रिलच्या सुरुवातीलाच विचारा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खिडकी थोडी उघडी हवी. कूलरची बॉडी, लोखंडी खाट आणि ओली फरशी एकत्र आली की शॉकचा धोका, म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि खाट कूलरला टेकू देऊ नका.

इन्सुलिन चालू असेल आणि फ्रिज भरवशाचा नसेल, तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत कुपी, वर ओलं फडकं. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची. आणि खाणं कमी झालं की इन्सुलिन तेवढंच चालू ठेवायचं नाही, डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, गुंगी म्हणजे साखर उतरली. शुद्धीत असेल तरच तोंडाने साखर द्या.

माणसांची पाळी

सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीत घरात कुणी नसतं. तेव्हाच जखमा होतात. हंगामाआधीच ठरवा: दिवसा कोण, रात्री कोण, कुणाची मजुरी बुडणार आणि ती बाकीची भावंडं कशी भरून देणार. पुण्यातला भाऊ फोनवर सल्ले देतो त्याऐवजी त्याने महिन्याचे डायपर आणि गादीचे पैसे पाठवावेत, वर्षातून दोन आठवडे येऊन स्वतः रात्रपाळी करावी. पुरुष पाहुण्यांनी आजीला उचलू नये असं असेल तर आधीच शेजारच्या दोन बायका सांगून ठेवा. सेवा करणारी बाई रात्री सलग पाच तास झोपते का, हा प्रश्न घरच्या बैठकीत आधी यावा. ६५ वर्षांच्या पुढच्यांना उपकरणांसाठी एकदाच ३ हजार रुपये देणारी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, दोन लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. वृद्धांसाठीची मोफत हेल्पलाईन १४५६७.

शेवटचे दिवस

झोप वाढते, भूक जाते, पाय गार आणि निळसर चट्ट्यांचे होतात, श्वास थांबून थांबून येतो. भूक गेल्यामुळे माणूस जात नाही, जायची वेळ आल्यामुळे भूक जाते. कोंबू नका. घशात घरघर सुरू झाली की पाठीवर न ठेवता कुशीवर वळवा. त्यासाठी औषधही असतं. नळी घालून घशातला स्राव ओढून काढायची गरज बहुधा नसते. दम लागला तर पंखा चेहऱ्यावर, पाठीला टेकू, खोलीत गर्दी कमी. तुळशीचं पाणी, गंगाजल द्यायचं तर ओल्या बोळ्याने ओठ ओले करा, चमच्याने घशात सोडू नका. ऐकू शेवटपर्यंत येत असावं असं धरून बोला. खाटेपाशी वावराच्या वाटणीची चर्चा नको.

१०८ बोलवायची की नाही, हे आधी ठरलेलं हवं. पडून हाड मोडलं, रक्त थांबत नाही, नळी अडकली, वेदना आवरत नाहीत, यासाठी जरूर बोलवा. शेवटचा श्वास लांबवण्याच्या धावपळीत रस्त्यात अर्ध्यावर माणूस जावा, असं होऊ देऊ नका. व्हेंटिलेटर नको ही इच्छा माणूस शुद्धीत असतानाच दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातली ही तरतूद २०२३ मध्ये सोपी झाली आहे.

घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कारणाचा दाखला सोबत. उशीर झाला की शुल्क, परवानग्या आणि चकरा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती लगेच घ्या, बँक, पेन्शन आणि तलाठ्याकडच्या वारस नोंदीला लागतात. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत करा, कुणाच्या गुडघेदुखीला देऊन टाकू नका. हवेची गादी साबणाच्या पाण्याने पुसा, सावलीत वाळवा, पंपासकट घडी करून आशाताईकडे निरोप ठेवा. गावात पुढच्या कुणाच्या तरी घरी ती लागणारच असते.